आठवं गाणं

८ ऑक्टोबर, रिसोड

जिनेशभाऊ म्हणतात, रोज चार ओळी लिहीत जा, गाण्याचे शब्द त्यातूनच निघतील. बी.ए. झाल्यापासून मी किराण्याची यादी आणि गाण्यांचे मुखडे सोडून काही लिहिलं नाही. तरी बसले.

झालं असं. वाशीमला नवरात्रात आमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. संपल्यावर एक चष्मेवाला तरुण स्टेजमागं आला. हेच जिनेश. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान आहे, वडील माणिकचंदशेठ गल्ल्यावर बसतात. हे पुण्याहून साउंडचं शिकून आले आणि दुकानाच्या वर, जिथं कापडाच्या गाठी ठेवत, तिथं स्टुडिओ केला. मला म्हणाले, "ताई, तुमच्यासंग मले एक अल्बम करायचा हाय. आठ गाणे. बोली आपली वऱ्हाडी, पण लोकगीत नाई. फंक."

मला आधी वाटलं शिवी दिली.

मग आज स्टुडिओत त्यांनी ती फंकची गाणी ऐकवली. अमेरिकेतल्या काळ्या बायांची, आमच्या जन्माआधीची. डिस्कोची लाट ओसरली, झगमगाट उतरला, तेव्हा ह्या बाया पुढं आल्या म्हणे. त्या गाण्यांत बास गिटार मागं राहतच नाही. म्हैस खुंटा उपटून निघते तशी पुढं चालते, आणि बाई तिच्या मागं धावत धावत गाते. इंग्रजीचा एक शब्द समजला नाही. घरी येऊन भाकरी थापायला घेतली तर हात त्याच ठेक्यावर पडू लागले. भाकरी वाकडी झाली. हरीओमनं खाल्ली मुकाट्यानं.

१२ ऑक्टोबर

हरीओमला सगळं सांगितलं. हरीओम म्हणजे माझा नवरा. दिवसा विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी रिवाइंड करतो, कार्यक्रमात ऑक्टोपॅड वाजवतो. आमचं लग्न स्टेजवरच जमलं.

"ऑक्टोपॅड लागन ना?" त्यानं विचारलं.

"नाई. ठेका कम्प्युटरमधून घेणार हायत. बासवर गोविंदसिंग म्हणून कारंज्याचे एक जण हायत, जुने."

"मंग मी तुह्यासाठी टाळ्या वाजवतो," असं म्हणून हसला. बरं झालं, त्याला वाईट वाटलं नाही.

१९ ऑक्टोबर

पहिलं रेकॉर्डिंग फसलं.

जिनेशभाऊ म्हणाले, "छान हाय. पण हे तुमी नाई."

बारा वर्षं मी ऑर्केस्ट्रात गाते. जिचं गाणं, तिचा आवाज. लोक म्हणतात, हुबेहूब. मला त्याचा अभिमान होता. आज स्टुडिओच्या काचेमागं उभी राहिले आणि माझा आवाज शोधायला गेले तर तिथं दहा बाया बसलेल्या, माझी जागाच नाही. गोविंदसिंग बास मांडीवर घेऊन शांत बसले होते. त्यांची दाढी रंगवलेली आहे आणि बोटं सोलल्यासारखी. म्हणाले, "हो जायेगा, बेटी. टाइम लगता है."

संध्याकाळी पाण्याखाली जाळ घालताना गुणगुणून पाहिलं. तिथंही दुसरीचाच निघाला.

२ नोव्हेंबर

शब्द सापडले!

घर नाई घरात, मन नाई मनात,
पाय माहे निघाले, मी राह्यली दारात.

भांडी घासता घासता आले. गोविंदसिंगनी त्यावर असा बास लावला की माणिकचंदशेठ खालून वर आले. म्हटलं आता ओरडतात. ते म्हणाले, "गिऱ्हाईक पाय हालवून राह्यलं, कापड मापू देईना." आणि खाली गेले.

दिवसभर बूड टेकलं नाही. कपडे वाळत घातले, परत काढले, परत घातले.

१६ नोव्हेंबर

लग्नं सुरू झाली. दोन्हीकडं गाणं चालू आहे, इकडं मांडव, तिकडं स्टुडिओ. घसा बसतो. सोयाबीनच्या कुटाराची, भुशाची धूळ आहे सगळीकडं, त्याचंच असणार. हरीओमनं ज्येष्ठमध आणून ठेवलं. वरून म्हणतो, "चार दिवस गाऊ नको."

"लग्नसराईत?"

"वाशीमले तरी जाऊ नको."

कळलं मला. इतके दिवस बोलला नाही, आता निघालं. कम्प्युटरनं त्याची जागा घेतली ते खुपतंय. पुरुषमाणूस सरळ सांगत नाही, काढ्याच्या वाटीतून सांगतो.

२१ नोव्हेंबर

आज आमचं मोठं भांडण झालं.

आसेगावचं लग्न त्यानं परस्पर नाकारलं. मला न विचारता. साडी इस्त्री करून ठेवली तेव्हा म्हणतो, "ते कॅन्सल केलं. आपल्याले अकोल्याले जायचं हाय."

"काहून?"

"चाल तर. सांगतो."

"मले इचारलं काहून नाई? गाणं माहं हाय का तुमचं?"

तो म्हणाला, "गळा तुहाच हाय, म्हणून तं…" पुढचं मी ऐकून घेतलं नाही. पर्स उचलली आणि वाशीमची बस धरली. रस्ताभर रडले, मनातल्या मनात ओरडले. तशीच माइकपुढं उभी राहिले. "दारात" ह्या शब्दावर सूर वर जातो, तिथं आवाज मधोमध फाटला. दोन तुकडे झाल्यासारखा. मी हात जोडून म्हटलं, माफ करा, परत घेऊ.

काचेपलीकडं जिनेशभाऊ उभे राहिले होते. म्हणाले, "हेच, ताई. इतके दिवस हेच शोधून राह्यलो होतो."

माझा आवाज सापडला. शेवटी भांडणातून सापडला. हरीओमचे आभार मानावे का?

२९ नोव्हेंबर

चार गाणी झाली. आता आम्हाला रीत कळली आहे. जिनेशभाऊ आधी मला मोठ्यानं गायला लावतात, वरच्या पट्टीत, घसा चांगला तापेपर्यंत. मग टेक. ते म्हणतात, आवाज पिकला पाहिजे. पिकतोच. थोडी खरखर होते, थोडी जळजळ होते, आणि मग ते फाटणं आपोआप येतं, ठरवावं लागत नाही. आठ दिवसांपूर्वी एकदाच आलं होतं, आता रोज येतं. प्रगती आहे.

गोविंदसिंग मध्येच म्हणाले, "आज बस करो." त्यांना कारंज्याची गाडी धरायची असते.

५ डिसेंबर

जिनेशभाऊंनी पहिल्या गाण्याचा तुकडा मोबाइलवर टाकला. रिसोडच्या भाजीबाजारात एका पोरीनं ओळखलं, फोटो काढला. पुण्याच्या एका कंपनीनं अल्बम काढायची तयारी दाखवली आहे. मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढते.

केनवडहून आईचा फोन आला. शेजारच्या गोमतीबाईच्या नातीनं तिला गाणं ऐकवलं.

"काहून वं, तू रडून राह्यलती का त्यात?"

"नाई वं माय. ते तसंच असते. अमेरिकेतलं हाय."

"मंग दुखून राह्यलं का?"

मी खूप हसले. हसताना खोकला आला तो थांबेना. आई तिकडून "साधना, साधना" करत राहिली. आईला काय समजणार नव्या गाण्यातलं.

११ डिसेंबर

मानोऱ्याच्या लग्नात आवाज गेला.

गाण्याच्या मध्यावर तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. वारा आला नुसता. समोर पाचशे माणसं जेवत होती, नाचत होती. मी माइक हलवून पाहिला, जसा त्याचाच दोष आहे. हरीओमनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि ऑक्टोपॅडवर असा काही सुटला की पोरं शिट्ट्या मारायला लागली. तेवढ्यात कीबोर्डवाल्या जगदेवनं पुढचं गाणं धरलं. कुणालाच कळलं नाही.

येताना गाडीत हरीओम एक शब्द बोलला नाही. इतक्या दिवसांनी त्याला मोकळं वाजवायला मिळालं, खूश असेल.

हे वरचं लिहिलं आणि आता लाज वाटते आहे. तरी खोडत नाही.

१३ डिसेंबर, अकोला

नाकातून बारीक कॅमेरा घालून डॉक्टरीणबाईंनी मला पडद्यावर माझा गळा दाखवला. दोन पांढऱ्या पट्ट्या. त्यातल्या एकीवर लाल फोड, करवंदाएवढा दिसत होता. आत रक्त आहे म्हणाल्या. ओरडून, ताणून होतं. आणखी ताणलं तर गाणं विसरा.

"आवाज कधीपासून बसतोय?"

मी सांगणार, लग्नं लागली तेव्हापासून, धुळीनं. बोलायची मनाई होती म्हणून हरीओमनं सांगितलं. "तुळशीच्या लग्नाच्याबी आधीपासून, मॅडम. झोपेत घसा घरघरे. मागं तुमचाच नंबर लावला होता मी. त्या दिवशी येणं झालं नाई."

त्या दिवशी म्हणजे आसेगावच्या दिवशी.

तो डॉक्टरीणबाईंकडं पाहून बोलत होता. माझ्याकडं पाहिलंच नाही. मी त्याच्या शर्टाची बाही धरली आणि धरूनच ठेवली. बाहेर आलो, औषधं घेतली, तरी सोडली नाही.

आधी पूर्ण मौन. कुजबुजसुद्धा नाही. मग छोटं ऑपरेशन.

१८ डिसेंबर

मौन म्हणजे शांतता असं मला वाटायचं. डोक्यात इतका कालवा कधी नव्हता. बोलायचं ते सगळं परत आत जातं आणि रांग लावून उभं राहतं. घरातल्या घरात चालत असते. दूधवाला ओरडतो, मी भांडं वाजवून उत्तर देते. हरीओम मात्र बोलायला लागला आहे. कुणाची मोटार जळली, कुणाच्या विहिरीत साप निघाला. एवढं बोलणं ह्याच्यात होतं? मी बारा वर्षं मध्ये बोलत होते वाटतं.

आठव्या गाण्याचे शब्द येत आहेत. आवाज नाही तेव्हा आले.

२४ डिसेंबर

जिनेशभाऊ घरी आले. पपई आणली. खुर्चीच्या टोकावर बसले होते. हरीओम त्याच्या मोटारीच्या दुकानात होता.

"ताई, सात झाले. कंपनी आठ मागून राह्यली. एकच टेक पाह्यजे. याच आवाजात."

मी मोबाइलवर लिहून दाखवलं, ऑपरेशननंतर.

"ऑपरेशननंतर आवाज साफ होईन." ते जमिनीकडं पाहत होते. "मंग हा आवाज राह्यणार नाई."

मी लिहिलं, तुम्हाला माहीत होतं?

त्यांनी चष्मा काढून पुसला. "वाटत होतं. पण टेक इतके भारी येऊन राह्यले होते, ताई. मी सोताले म्हणलं, तुमाले त्रास असता तं तुमी सांगतलं असतं."

ते खोटं बोलले असते तर मी चिडले असते, सुटले असते. हे खरं होतं. मी कुठं सांगितलं होतं? मलाही ते टेक आवडले होते. बारा वर्षांत लोकांनी मला हुबेहूब म्हटलं, ह्या सात गाण्यांत पहिल्यांदा साधना म्हटलं. तो आवाज काढून टाकायचा आणि काय घेऊन जगायचं? साफ गळा?

ते गेल्यावर पपई तशीच ठेवली.

२७ डिसेंबर

गेले. हरीओमला न सांगता वाशीमची बस धरली. कंडक्टरला बोटानं गाव दाखवलं.

एकच टेक. असं मनाशी घोकत गेले. एका टेकनं काय होतं?

गोविंदसिंग आले होते. मला पाहून उठून उभे राहिले. मी हेडफोन घातले. आवाजाची पातळी बघायला जिनेशभाऊंनी सातवं गाणं लावलं. रेकॉर्ड झाल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं. सूर वर गेला, फाटला, आणि मला पडद्यावरचा तो लाल फोड दिसला. पुन्हा फाटला, पुन्हा दिसला. जिथं मी म्हणायची, इथं माझा जीव ओतला आहे, तिथं नुसतं दुखत होतं. केनवडला बसून, मोबाइलच्या डबड्यातून, आईला ते ऐकू आलं होतं.

आणि तरीही गाणं सुंदर होतं. हे लिहायलाच पाहिजे. सुंदर होतं.

मी हेडफोन काढले.

"ताई, फक्त एकदा."

मी मान हलवली.

"साफ आवाजाच्या बाया गल्लोगल्ली हायत!" ते ओरडले. लगेच तोंडावर हात ठेवला, पण बोलून झालं होतं. गोविंदसिंगनी बासची वायर काढली आणि ती हातावर गुंडाळायला लागले. "छोड दे, जिनेश. लडकी है, कॅसेट नहीं है."

रिसोडच्या स्टँडवर हरीओम उभा होता. पायात घरातल्या स्लिपर. मला उतरताना पाहिलं, माझ्या तोंडाकडं पाहिलं. मी परत मान हलवली, गायले नाही म्हणून. त्यानं गाडीला किक मारली. दोनदा बंद पडली.

१५ जानेवारी

ऑपरेशन नीट झालं. काल संक्रांत होती आणि दिवसभर जो तो येऊन हातावर तिळगूळ ठेवून मला गोड बोलायला सांगत होता. मी मान डोलावत होते. हरीओम प्रत्येकाला समजावून थकला, शेवटी दारातच उभा राहून सांगायला लागला, "तिच्या वाटचं मी बोलतो."

२ फेब्रुवारी

आज बोलायची परवानगी मिळाली. डॉक्टरीणबाईंपुढं "आ" म्हटलं. घरी आल्यावर पहिला शब्द काय बोलावा याचा फार विचार केला होता. आसेगावचं बोलायचं होतं, गाडीतल्या त्या रात्रीचं बोलायचं होतं. तोंडातून निघालं, "चहा घेता का?"

तो हातातला पेचकस धरून तसाच उभा राहिला. म्हणाला, "घेतो."

मग चहा उकळत असताना बाकीचंही बोलले. हळू हळू. तो ऐकत होता आणि मध्ये मध्ये म्हणत होता, "बस आता, घशाले ताण देऊ नको." मी म्हटलं, "एवढं बोलू द्या." सगळं बोलले.

२० फेब्रुवारी

अल्बम निघाला. सात गाण्यांचाच. कंपनीनं तेवढ्यावर भागवलं. माझ्या नावाचं पहिलं काहीतरी जगात आलं आणि मी तूर पाखडत बसले होते. लोकांचे फोन येतात. नागपूरहून एकजण म्हणाला, ताई, तुमच्या आवाजात जखम आहे. मी म्हटलं, होती.

मी माझ्याच आवाजावर जळते. ती बाई माझ्या नावानं फिरते आहे, तिला लोक बोलावतात, आणि मी तिच्यासारखं गाऊ शकत नाही. आधी दुसऱ्यांची नक्कल करायची. आता स्वतःची करायची का?

८ मार्च

सराव चालू आहे. नवा आवाज लहान आहे, खाली बसून बोलल्यासारखा. वर जायला घाबरतो. ओळखीचा नाही, पण कुणा दुसरीचाही नाही. रोज थोडंच गाते. थांबणं हे गाण्यापेक्षा अवघड आहे. पाय अजून घरात ठरत नाहीत.

१९ एप्रिल, केनवड

गोमतीबाईच्या नातीचं, निकिताचं लग्न. ऑपरेशननंतरचा माझा पहिला कार्यक्रम, आणि तोही माहेरी. आई पुढच्या रांगेत, डोक्यावर पदर, जेवायलाही उठेना.

तिसऱ्या गाण्याला पोरांनी गिल्ला केला. अल्बममधलं पाहिजे. ते फाटणारं म्हणा, ताई! मी हरीओमकडं पाहिलं. त्यानं काड्या खाली ठेवल्या होत्या. तुझं तू ठरव, असा चेहरा.

मी माइकवर म्हटलं, "तो आवाज आता माह्यापाशी नाई. बिमारी होती, बरी झाली. एक नवं गाणं हाय, ते ह्या आवाजात म्हणते."

आठवं म्हटलं. मौनातलं.

बोल्ली नाई म्हणून नव्हती का मी,
भिंतीआड उभी होती ना मी…

बास नव्हता. हरीओमनं ऑक्टोपॅडवर खालच्या पॅडनं बासचं काम घेतलं. तो असा वाजवू शकतो हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. पोरांतली बरीच उठून पंगतीला गेली. एकानं म्हटलं, "हे ते नाई राजा." बाया मात्र बसून राहिल्या. शेवटच्या कडव्याला आईनं टाळी धरली, चुकीच्या ठिकाणी, आणि सगळ्या बायांनी तिच्या मागं तशीच चुकीची धरली. मग आम्हालाच ठेका तिकडं न्यावा लागला.

जिनेशभाऊ मांडवाच्या कडेला उभे होते, निकिताच्या सासरकडून आलेले. जवळ आले. माफी मागायला आले होते, तोंडावरून दिसत होतं, पण बोलले दुसरंच. "हे गाणं मले पाह्यजे, ताई."

"ऑक्टोपॅड हरीओम वाजवणार."

"बरं."

"एका दिवशी एकच टेक. घसा तापवायचा नाई."

"बरं." मग म्हणाले, "पहिल्या सातसारखं नाई होणार हे."

"नाई होणार," मी म्हटलं.

सामान आवरताना हरीओमला विचारलं, कसं झालं. ऑपरेशनपासून हा माणूस मला नुसतं छान, छान म्हणतो. नीट जेवली, छान. हळू बोलली, छान. आज त्यानं वायर गुंडाळता गुंडाळता जरा विचार केला.

"दुसऱ्या कडव्यात सुरातून उतरली तू," तो म्हणाला. "लईच उतरली. लय सोडून पळतबी होती."

मी पेटीवर बसले आणि हसतच सुटले. आई धावत आली, काय झालं म्हणून.

"काई नाई वं माय," मी म्हटलं. "हे म्हणतात, मी बेसूर गायली."